शेजाऱ्याच्या देवघरातली बंदूक

कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात बाळ जन्मले तरी बार निघतो आणि घरातले कुणी गेले तरी बार निघतो. अशा गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या नव्या कुटुंबाने बंदूक बाळगणाऱ्या शेजाऱ्यांशी ओळख कशी करून घ्यावी? भीती कुठे सोडावी आणि सावधपणा कुठे सोडू नये?

बदलीचा हुकूम हातात पडला की घरात पहिला प्रश्न निघतो तो शेजाराचा. पाणी किती वाजता येते, मुलांची शाळा किती लांब आहे, भाजीबाजार कुठे भरतो, हे सारे नंतर. शेजार चांगला मिळाला की परके गावही चार महिन्यांत आपले होते. शेजार बिघडला तर मात्र स्वतःच्या गावातही जीव रमत नाही.

पण शेजाऱ्याच्या घरात पाऊल टाकताच भिंतीवर बंदूक दिसली तर?

बँक, टपाल खाते, शाळा, वनखाते किंवा कॉफीमळ्याची कचेरी अशा नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून कितीतरी कुटुंबे कर्नाटकातल्या मडिकेरीला किंवा विराजपेटला येतात. त्यांतल्या अनेकांना हा अनुभव येतो. शेजारी प्रेमाने घरी बोलावतात. वाफाळलेली कॉफी पुढे येते. समोरच्या भिंतीवर लष्करी गणवेशातल्या आजोबांची तसबीर असते आणि कुणीतरी सहजपणे सांगते, ‘‘ही आमच्या आजोबांची बंदूक. अजून उत्तम चालते.’’ सांगणाऱ्याच्या स्वरात आपण पणजीच्या पाटल्यांबद्दल बोलताना असतो तसा अभिमान असतो. ऐकणाऱ्याचा घोट मात्र घशातच अडकतो. महाराष्ट्रातल्या, गुजरातेतल्या किंवा बंगालमधल्या सर्वसाधारण मध्यमवर्गीय माणसाने बंदूक पाहिलेली असते ती बँकेच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर, नाही तर सिनेमात. घरात बंदूक म्हणजे काहीतरी भानगड, असेच त्याच्या मनात बसलेले असते.

कोडगूमध्ये तसे नाही. तिथे बंदुकीची जागा देवघरात आहे.

आवाजाची भाषा

कोडगू म्हणजे इंग्रजांचे कूर्ग. १९५६ पर्यंत हे एक स्वतंत्र, चिमुकले राज्य होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते म्हैसूर राज्यात विलीन झाले. आज हा कर्नाटकातला डोंगराळ जिल्हा आहे. देशातल्या कॉफीपैकी सुमारे एक तृतीयांश कॉफी इथे पिकते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती आणि ‘कोडव तक्क’ ही आपली मातृभाषा असल्याचे सुमारे १ लाख १४ हजार लोकांनी नोंदवले होते. एवढ्याशा समाजाने देशाला जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या असे दोन सेनाप्रमुख दिले. १५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पांनी भारतीय सेनेची सूत्रे हाती घेतली. तोच दिवस आपण आजही सेनादिन म्हणून पाळतो.

या समाजाचे बंदुकीशी असलेले नाते समजून घ्यायचे तर आधी तिथली घरे पाहावी लागतात. आपल्याकडे गाव म्हटले की घराला घर लागून, भिंतीला भिंत आणि अंगणाला अंगण. कोडव कुटुंबांची घरे तशी नाहीत. मध्ये भातखाचरे, भोवती कॉफीचे मळे, त्यापलीकडे रान, अशी एकेकटी विखुरलेली. एका घराण्याला तिथे ‘ओक्क’ म्हणतात आणि त्या घराण्याच्या मूळ वाड्याला ‘ऐनमने’. शेजारी म्हणजे दोन टेकड्या ओलांडून पलीकडचा माणूस. मग हाक मारायची कशी?

हाकेचे काम बंदुकीने केले. मुलगा झाला की अंगणात एक बार काढायचा. ऐकणाऱ्यांनी समजायचे, अमक्याच्या घरी आनंद झाला. घरात मृत्यू झाला की दोन बार. ते ऐकले की हातातले काम टाकून माणसे त्या घराच्या वाटेला लागत. टेलिफोन नव्हता, रस्ते नव्हते, पावसात ओढे भरून वाहत असत. तेव्हा बंदुकीचा आवाज हीच तार आणि हाच टपालवाला.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला, भात पिकले की ‘पुत्तरी’ हा नव्या तांदळाचा सण येतो. घरातली मंडळी रात्री दिवे घेऊन शेतात जातात, बार निघतो आणि मग भाताची पहिली लोंबी कापली जाते. त्या रात्री डोंगरातून एकामागून एक आवाज घुमत राहतात. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला ठाऊक नसेल तर मुले घाबरून आईला बिलगतात आणि वडील पोलिसांना फोन करावा की काय, या विचारात पडतात. शेजारणीने आदल्या दिवशी ‘‘उद्या रात्री आमचा सण आहे हं, आवाज होतील’’ एवढे सांगितले असते तर केवढी भीती टळली असती! आणि नव्या कुटुंबाने आधीच विचारले असते तर? तेही सोपे होते. पण विचारण्याएवढी ओळख व्हायला कुणीतरी पहिले पाऊल टाकावे लागते.

एक हुकूम, दीडशे वर्षांचा

इतर भारतीयांना बंदूक बाळगायची तर परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. पोलिसांकडून चौकशी होते, बंदुकीची गरज पटवून द्यावी लागते. मग कोडव कुटुंबांनाच वेगळा न्याय का? नव्या शेजाऱ्यांच्या मनात हा प्रश्न येतो आणि तो गैर नाही.

याचे उत्तर इतिहासात आहे. कोडगूच्या राजांच्या काळात काही जमिनी ‘जम्मा’ या पद्धतीने दिल्या जात. जमीन कसायची, पण राजाने हाक दिली की शस्त्र घेऊन हजर व्हायचे, अशी अट असे. १८३४ मध्ये इंग्रजांनी शेवटचा राजा चिक्क वीरराजेंद्र याला पदच्युत करून कोडगू ताब्यात घेतले. पुढे १८५७ चा उठाव झाला आणि देशभर लोकांकडची शस्त्रे काढून घेण्याचे धोरण आले. तेव्हा, १८६१ मध्ये, म्हैसूर आणि कूर्गचा कारभार पाहणाऱ्या मार्क कब्बनने कोडवांना त्यातून वगळणारा हुकूम काढला. आपल्याशी एकनिष्ठ राहिल्याबद्दल इंग्रजांनी दिलेले हे बक्षीस होते, असे स्वच्छ शब्दांत म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. विशिष्ट व्यक्तींना किंवा गटांना कायद्याच्या काही तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार या कायद्याच्या ४१ व्या कलमाने केंद्र सरकारला मिळाला. त्याच आधारे कोडव समाज आणि कोडगूतले जम्मा जमीनधारक यांची सूट पुढे चालू राहिली. जम्माधारकांत कोडव नसलेली कुटुंबेही आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने ही सूट आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत वाढवली.

या सुटीला न्यायालयात आव्हानही मिळाले. जातीच्या आणि जमिनीच्या आधारावर अशी सवलत देणे म्हणजे समानतेच्या तत्त्वाला हरताळ फासणे होय, असे म्हणणे कर्नाटक उच्च न्यायालयापुढे मांडण्यात आले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सूट कायम ठेवली. कोडव ही लढवय्यांची परंपरा असलेली जमात आहे, स्वातंत्र्यापूर्वीपासून तिला ही सवलत आहे आणि ती कायमची नसून ठराविक मुदतीची व अटींसह आहे, हे मुद्दे न्यायालयाने विचारात घेतले.

म्हणजेच सूट आहे ती परवान्यापुरती. ती काही मोकळीक नव्हे. सुटीचा लाभ घेणाऱ्यालाही जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. बंदुकीने गुन्हा घडला तर कायदा इतरांना जसा, तसाच त्यालाही लागू होतो.

कळलावीचे फूल

नव्या शेजाऱ्यांना घरात ओढून नेणारा दिवस म्हणजे ‘कैलपोध’, शस्त्रांचा सण. तो साधारणपणे ३ सप्टेंबरच्या सुमारास येतो. भाताची लावणी आटोपलेली असते. पावसाचा जोर ओसरू लागतो. शेतीच्या कामात बाजूला ठेवलेली शस्त्रे आता बाहेर काढायची, पुसायची, तेलपाणी करायचे आणि ‘कन्निकोंबरे’ म्हणजे देवघरात मांडायची. बंदुका असतात, तशीच ‘पीचेकत्ती’ ही कमरेची कट्यार आणि ‘ओडिकत्ती’ हा रुंद पात्याचा वाकडा कोयताही असतो. त्यांना गंध लावतात आणि एक खास फूल वाहतात. त्या फुलाचे नाव ‘तोक पू’. तोक म्हणजे बंदूक आणि पू म्हणजे फूल. बंदुकीचे फूल!

हे फूल मराठी माणसाला अजिबात परके नाही. लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पाकळ्यांची ही आपली कळलावी. पावसाळ्यात कोकणात, सह्याद्रीच्या उतारांवर कुंपणाकुंपणाने ती फुललेली दिसते. दिसायला देखणी, पण अंगी जहर भिनलेली. तिचा कंद तर फारच विषारी. बंदुकीला शोभणारे याहून योग्य फूल शोधूनही सापडले नसते.

पूजा झाली की घरातली वडीलधारी व्यक्ती बंदूक उचलून धाकट्याच्या हाती देते. ती देताना जुन्या रीतीप्रमाणे उपदेश करायचा असतो. उगाच भांडण उकरून काढू नकोस, मित्राच्या पाठीशी उभा राहा, सत्याची वाट सोडू नकोस, अशा अर्थाचा. बंदूक ताब्यात घेण्याआधी हे चार शब्द ऐकायचेच. शस्त्राबरोबर जबाबदारीही सोपवण्याची ही रीत आहे. या देवघरात उभ्या राहिलेल्या मराठी गृहिणीला आपली खंडेनवमी आठवल्यावाचून राहत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपणही कोयता, विळी, हातोडी, शिवणयंत्र यांना हळदकुंकू वाहतोच की! पोट ज्याच्यावर चालते आणि जीव ज्याच्यावर राखला जातो, त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, ही भावना दोन्हीकडे एकच.

मग पंगत. कडंबुट्टू म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे आणि त्याबरोबर डुकराच्या मांसाचा काळपट, आंबट-तिखट रस्सा. तो आंबटपणा येतो ‘कचंपुळी’मुळे. ज्या फळापासून ती करतात ते आपल्या कोकमाच्याच जातकुळीतले. शाकाहारी पाहुण्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. आधी सांगितले तर यजमानीण शेवयांसारखे नूलपुट्टू आणि बांबूच्या कोंबांची भाजी आनंदाने वाढते. नव्या बिऱ्हाडातून एखादा डबा पुरणपोळीचा गेला तर तो रिकामा परत येत नाही. शेजार अशा डब्यांच्या जाण्या-येण्यातूनच जुळतो.

नारळावर नेम

सणाच्या दिवशी दुपारी माणसे मैदानावर जमतात. उंच झाडावर किंवा ठराविक अंतरावर नारळ बांधलेला असतो. एकेकाने यायचे आणि नेम धरून तो फोडायचा. यात जितके कौशल्य, तितकीच गंमत. नेम चुकला तर टाळ्या आणि टोमणे, बरोबर लागला तर शाबासकी. गावोगावच्या अशा स्पर्धांमध्ये आता बायकाही मोठ्या हौसेने उतरतात. मागच्या बाजूला निऱ्या घातलेली खास कोडव पद्धतीची साडी नेसलेली एखादी आजी दस्ता खांद्याला लावून शांतपणे नारळ उडवते, तेव्हा टाळ्या वाजवताना पाहुण्यांचे हात थांबत नाहीत. पूर्वी मुलगा झाला की बार काढायची रीत होती. मुलींसाठी काय, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. या मैदानावरच्या मुलींनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिलेले आहे.

कोडव नॅशनल कौन्सिल ही संघटना तर दरवर्षी ‘तोक नम्मे’ म्हणजे बंदुकीचा उत्सव भरवते. त्यामागे हौस आहे, तशी आपला हक्क टिकवून धरण्याची भूमिकाही आहे.

नवे शेजारी महाराष्ट्रातले असतील तर या मैदानावर त्यांच्याकडेही सांगण्यासारखे पुष्कळ असते. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत धडक मारणारी अंजली भागवत मुंबईची. २०१० मध्ये म्युनिचला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक पटकावणारी राही सरनोबतही कोल्हापूरचीच. आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून काम केलेला. घरात नेमबाजी शिकणारी मुलगी असेल तर मग गप्पांना अंतच नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे ती सांगते. शेजारचे निवृत्त सुभेदार डोळे विस्फारतात आणि मग रानात चालत्या लक्ष्यावर नेम धरताना श्वास कसा रोखायचा हे तिला समजावतात. साठी उलटलेला माणूस आणि पंधरा वर्षांची मुलगी एकाच विषयावर तासभर बोलत बसतात. एकमेकांची भाषा येत नसलेल्या दोन घरांना जवळ आणायला आणखी काय हवे?

नाण्याची दुसरी बाजू

मात्र एवढ्यावर थांबले तर चित्र अर्धेच राहील. देवघरात ठेवली म्हणून बंदुकीची गोळी मवाळ होत नाही.

कोडगूमध्ये आज बंदूक बाळगण्याची जी कारणे सांगतात त्यांत मळ्यांतले एकाकी घर हे मोठे कारण आहे. हत्ती, रानडुकरे मळ्यात शिरतात, हातातोंडाशी आलेले पीक तुडवतात, माणसांचे बळीही जातात. पण हत्तीवर गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, ती कोडवांनाही लागू आहे. ‘‘चला, रात्री एक फेरी मारून येऊ’’ असे आमंत्रण कुणी दिले तर नव्या शेजाऱ्याने हसून, पण ठामपणे नकार द्यावा. अंधारात झुडूप हलले, रानडुक्कर समजून चाप ओढला आणि पलीकडे आपलाच सोबती होता, अशा दुर्घटना बंदुका असलेल्या प्रदेशात घडत आलेल्या आहेत.

दुसरा धोका उत्सवातला. देशात कितीतरी ठिकाणी लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची खोड आहे. त्यापायी नवरदेवापासून गच्चीवरून वरात पाहणाऱ्या मुलांपर्यंत अनेकांचे प्राण गेले. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येणारच! म्हणूनच २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून, समारंभात इतरांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवण्यात आली. त्याच दुरुस्तीने परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्याही तीनवरून दोनवर आली.

तिसरा धोका सर्वांत जवळचा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा. तो म्हणजे घरातली मुले आणि घरातले दुःख. मुलांना कुतूहल असते. कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे हे आईबापांना वाटते त्यापेक्षा मुलांना अधिक चांगले ठाऊक असते. आणि कर्ज, आजारपण, दारू किंवा भांडण यांनी खचलेल्या माणसाच्या हाताशी बंदूक असली तर क्षणाचा अविचार कायमचा होऊन बसतो. म्हणून बंदूक कुलपात असणे ही केवळ चोरांपासूनची काळजी नव्हे. ती आपल्याच माणसांची काळजी आहे.

विचारायचे कसे?

इथेच नव्या शेजाऱ्यांची खरी अडचण होते. आपली मुले त्यांच्याकडे खेळायला जाणार, त्यांची आपल्याकडे येणार. मनात धाकधूक असते. पण विचारले तर अपमान वाटेल, अविश्वास दाखवल्यासारखे होईल, म्हणून आई गप्प बसते. मग काहीतरी निमित्त काढून मुलाला तिकडे पाठवणेच बंद करते. शेजाऱ्यांना कारण कळत नाही. ती मंडळी दुखावतात आणि जुळत आलेला शेजार तुटतो.

खरे तर विचारणे अवघड नाही. शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून, आपलाच दोष आधी सांगून विचारावे: ‘‘अक्का, आमचा धाकटा फार हूड आहे हो. कपाट दिसले की उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तुमची बंदूक कुलपात असते ना? आणि काडतुसे?’’ ज्या घराला आपल्या शस्त्राचा अभिमान आहे त्या घराला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट बंदूक कुठे ठेवतो, काडतुसे वेगळ्या कपाटात कशी असतात, किल्ली कुणाच्या कमरेला असते, हे सारे ती कौतुकाने सांगेल. जिथे राग येतो किंवा ‘‘काही होत नाही हो’’ म्हणून विषय उडवला जातो, तिथे मुलांचे खेळणे आपल्या अंगणात ठेवावे. मैत्री तोडायची गरज नाही. फक्त खेळाची जागा बदलायची.

हा प्रश्न काही फक्त कोडगूपुरता नाही. पुण्यातल्या सोसायटीत निवृत्त लष्करी अधिकारी शेजारी असतो, मराठवाड्यातल्या वस्तीवर परवान्याची दुनळी असते, उत्तर प्रदेशात किंवा पंजाबात बदली झालेल्या कुटुंबाला तर हा अनुभव पावलोपावली येतो. गाव कुठलेही असो, पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• बंदूक भरलेली नाही असे कुणी कितीही सांगितले तरी ती भरलेलीच आहे असे समजून वागावे. नळी कधीही, थट्टेतसुद्धा, माणसाकडे वळू देऊ नये. नेम धरून झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. आणि नेम धरला तरी लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय चाप ओढू नये.

• बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत. किल्ली घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे असावी.

• मुलांना एक साधा नियम पाठ करून द्यावा: कुठेही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. खेळण्यातली असेल असे वाटले तरीसुद्धा!

• शेजाऱ्याला असलेली सूट किंवा परवाना त्याचा आहे, आपला नव्हे. फोटोपुरतीही त्याची बंदूक हातात घेऊन मिरवू नये. स्वतःची हवी असेल तर रीतसर परवाना काढावा. त्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात.

• मुलांना नेमबाजीची आवड असेल तर शिक्षण मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या नजरेखालीच द्यावे. एअर रायफल म्हणजे खेळणे नव्हे. तिच्या छर्‍याने डोळा जाऊ शकतो.

• सण, लग्न किंवा मृत्यूच्या वेळी कोणते आवाज अपेक्षित आहेत ते आधीच विचारून ठेवावे. आवाज अवेळी आला, भांडणाचा आरडाओरडा ऐकू आला, तर संकोच न करता पोलिसांच्या ११२ क्रमांकाला कळवावे.

• शेजारच्या घरात कुणी खचलेले, निराश दिसले तर ‘‘काही दिवस बंदूक भावाकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून ठेवा’’ असे घरच्यांना हलकेच सुचवावे. याने नाते बिघडत नाही, कदाचित एखादा जीव वाचतो.

विश्वासाचे कुलूप

कोडवांची बंदूक हा प्रश्न पुढेही चर्चेत राहील. २०२९ मध्ये सुटीची मुदत संपेल तेव्हा पुन्हा वाद होतील. जन्माच्या किंवा जमिनीच्या आधारावर कुणाला शस्त्राची सवलत असावी का, हा प्रश्न लोकशाहीत विचारला जाणारच. ज्यांच्या चालीरीतींत, सणांत आणि शेवटच्या निरोपातही बंदूक आहे, ते लोक आपली बाजू मांडणारच. त्या वादाचा निकाल दिल्लीत आणि न्यायालयात लागेल.

पण शेजाराचा निकाल तिथे लागत नाही. तो लागतो दोन घरांच्या मधल्या कुंपणाशी. नव्याने आलेल्यांनी भिंतीवरच्या बंदुकीपलीकडची माणसे पाहावीत. जुन्या मंडळींनी नव्यांच्या मनातली भीती हसण्यावारी नेऊ नये. एकाने मोकळेपणाने विचारावे, दुसऱ्याने कपाट उघडून कुलूप दाखवावे. एवढे झाले की एक दिवस डोंगरापलीकडून दोन बार ऐकू येतील आणि नव्या बिऱ्हाडातली बाई घाबरून दार लावून घेणार नाही. ती गॅस बंद करील, पायांत चपला सरकवील आणि इतर शेजारणींबरोबर त्या घराच्या वाटेला लागेल. त्या दिवसापासून ती त्या गावची झाली, असे समजायला हरकत नाही.